मॉनिटरचं पॅनल कोणतं? टीएन, व्हीए की आयपीएस

आजचा पाठ आमच्या संगणक कक्षात झालेल्या एका चुकीपासून सुरू करतो. चूक माझीच होती.

काही वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून शाळेसाठी १० मॉनिटर घेतले. तीन कोटेशनं आली होती. तिन्हींवर 'एलईडी, फुल एचडी' एवढंच लिहिलेलं. मग काय, त्यातलं सगळ्यात स्वस्त निवडलं. वर्गात मुलं ३०, मॉनिटर १०. म्हणजे एकेका मॉनिटरपुढे तिघं. एक खुर्चीत, दोघं मागे उभी. एकदा एक्सेलमध्ये गुणपत्रक करायला घेतलं होतं आणि ३५ पेक्षा कमी गुण असलेल्या चौकटी फिक्या पिवळ्या रंगाने भरल्या होत्या. मागे उभ्या असलेल्या एका मुलीला विचारलं, "पिवळ्या चौकटी किती गं?" ती म्हणाली, "सर, पिवळी चौकट एकपण नाही." लक्ष नाही म्हणून मी तिला चार शब्द सुनावले.

तास संपल्यावर मॉनिटर बंद करत फिरत होतो. ती उभी होती तिथूनच माझी नजर पडद्यावर गेली, तर चौकटी पांढऱ्या! खाली वाकून खुर्चीच्या उंचीवर आलो, तर पिवळ्या. पोरगी बरोबर सांगत होती.

असं का झालं, हे समजून घ्यायचं तर आधी एक गैरसमज दूर करू. दुकानात 'एलसीडी जुना, एलईडी नवीन' असं सर्रास सांगतात. खरं म्हणजे 'एलईडी मॉनिटर' म्हणून जो विकतात तोही एलसीडीच असतो. फरक फक्त मागच्या दिव्यात. पूर्वी पडद्यामागे बारीक ट्यूबलाइटसारख्या नळ्या असायच्या, आता एलईडी असतात. (ओएलईडी मात्र खरंच वेगळा. त्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागे दिवा नसतो.) म्हणजे 'एलईडी' या शब्दावरून मागचा दिवा कळतो, पुढची काच कशी आहे ते कळत नाही. आणि आमची फसगत झाली ती पुढच्या काचेत.

एलसीडी म्हणजे लिक्विड क्रिस्टल डिस्प्ले. लिक्विड क्रिस्टल, मराठीत द्रव स्फटिक. द्रव पण आणि स्फटिक पण, हे कसं? १८८८ साली फ्रीड्रिख रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून बनवलेल्या एका पदार्थाचे दोन वितळणबिंदू सापडले. सुमारे १४५ अंश सेल्सिअसला तो वितळून गढूळ व्हायचा आणि सुमारे १७८ अंशांना एकदम स्वच्छ. मधल्या गढूळ अवस्थेत रेणू द्रवासारखे वाहतात, पण स्फटिकासारखे एका दिशेला तोंड करून असतात. प्रार्थनेची रांग हलतेय, पण सगळ्यांची तोंडं स्टेजकडेच, असं समजा. या रेणूंना विजेचा दाब दिला की ते आपली दिशा बदलतात. मॉनिटरची सगळी करामत एवढ्यावरच चालते.

आता काच. एलसीडीत दोन पोलरायझर असतात, एक मागे आणि एक पुढे. खिडकीच्या उभ्या गजांमधून दोरी ओवून ती वर-खाली हलवली तर लाट पलीकडे जाते. आडवी हलवली तर गजांना अडते. पोलरायझर प्रकाशाला असाच गाळतो. मॉनिटरमध्ये हे दोन पोलरायझर एकमेकांना काटकोनात लावलेले असतात. मध्ये काहीच नसेल तर पहिल्यातून गेलेला प्रकाश दुसऱ्याला अडणार आणि पडदा काळा दिसणार. मधले द्रव स्फटिक प्रकाशाची ही कंपनाची दिशा बदलून त्याला पलीकडे जाऊ देतात. किती जाऊ द्यायचा, ते विजेच्या दाबावर ठरतं. आणि रेणू नेमके *कसे* वळतात, यावरून पॅनलचे तीन मुख्य प्रकार पडतात.

पहिला टीएन, म्हणजे ट्विस्टेड नेमॅटिक. १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाड्ट आणि वोल्फगांग हेल्फरिख यांनी ही रचना केली. यात रेणू गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे मांडलेले असतात: मागच्या काचेपासून पुढच्या काचेपर्यंत बरोबर ९० अंशांचा पीळ. प्रकाश त्या पिळाबरोबर वळतो आणि दुसऱ्या पोलरायझरमधून सुटतो. वीज दिली की रेणू काचेशी काटकोनात उभे राहतात, पीळ मोडतो, प्रकाश अडतो, ठिपका काळा होतो. आपल्या कॅल्क्युलेटरचे काळे आकडे बहुधा असेच उमटतात.

पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं इथवर ठीक. गडबड मधल्या छटांची. तिथे रेणू अर्धवट उठलेले, एका बाजूला कललेले असतात. वाऱ्याने एका अंगाला झुकलेलं गव्हाचं शेत आठवा. एका बांधावरून पाहिलं तर नुसत्या ओंब्या दिसतात, समोरच्या बांधावरून पाहिलं तर काड्या. शेत तेच, पण बघणारा कुठे उभा आहे त्यावर दिसणं बदलतं. टीएन पॅनलवर वरून पाहिलं की फिके रंग पांढरे पडतात, खालून पाहिलं की सगळं काळवंडतं. कधी कधी फोटोच्या निगेटिव्हसारखं उलटंही दिसतं. डाव्या-उजव्या बाजूने त्रास त्यामानाने कमी, वर-खाली जास्त. आमच्या मागे उभ्या मुलांना पिवळं का दिसलं नाही, त्याचं उत्तर हे.

दुसरं कारणही आहे. स्वस्त टीएन पॅनल बहुतेक ६ बिटचं असतं, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी ६४ छटा. ६४ × ६४ × ६४ = २,६२,१४४ रंग. ८ बिटच्या पॅनलवर २५६ चा घन, म्हणजे १,६७,७७,२१६. ६ बिटचं पॅनल शेजारच्या दोन छटा भराभर आलटून पालटून दाखवून मधल्या छटेचा भास करतं. स्वस्तातली काही आयपीएस पॅनलंही हेच करतात, त्यामुळे याचा सगळा दोष टीएनच्या माथी मारू नका.

आयपीएस म्हणजे इन-प्लेन स्विचिंग. १९९६ च्या सुमारास हिताची कंपनीने ते बाजारात आणलं. यात रेणू उभे राहतच नाहीत. ते काचेला समांतर पडलेले असतात आणि वीज दिली की होकायंत्राच्या सुईसारखे पडल्या पडल्याच फिरतात. वरून बघा, खालून बघा, बाजूने बघा, रेणू आडवेच. म्हणून रंग फारसा बदलत नाही. त्यासाठी दोन्ही इलेक्ट्रोड एकाच काचेवर बसवावे लागले. त्यांनी जागा अडवल्याने प्रकाश कमी सुटायचा, मागचा दिवा जास्त लावावा लागायचा. त्यामुळे सुरुवातीला आयपीएस महागही होतं आणि मंदही. आज ती तक्रार बरीच मिटली आहे. एक उणीव उरली: काळा रंग पूर्ण काळा होत नाही, अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यांत राखाडी चमक दिसते.

व्हीए, म्हणजे व्हर्टिकल अलाइनमेंट, या दोघांच्या मधलं. वीज नसताना रेणू काचेला काटकोनात उभे, प्रकाश जवळजवळ पूर्ण अडलेला, म्हणून काळा रंग फार सुरेख. टीएन आणि आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ असतो, व्हीएचा ३०००:१ च्या आसपास. वीज दिली की रेणू कलतात, म्हणजे पुन्हा गव्हाच्या शेताची अडचण. पण इथे प्रत्येक ठिपक्याचे भाग पाडून त्यांना वेगवेगळ्या दिशांना कलवतात, म्हणून सरासरी बरी निघते. तरी बाजूने बघताना गडद छटा फिकटतात, आणि काळ्यावरून राखाडीवर यायला रेणूंना वेळ लागल्यामुळे हलत्या चित्रामागे कधी कधी काळी शेपटी दिसते. रात्री दिवे मालवून एकट्याने सिनेमा बघणाऱ्याला मी व्हीएच सुचवेन. गेम खेळणारे वेगासाठी टीएन घ्यायचे, पण आता वेगवान आयपीएस आल्यापासून तेही कारण फारसं उरलेलं नाही.

शाळेसाठी मात्र माझं मत स्पष्ट आहे: आयपीएस. एका पडद्यापुढे एकच माणूस नीट बसणार असेल तर टीएनवर भागतं. आपल्याकडे एका पडद्यापुढे तिघं असतात.

कोटेशन मागताना 'पॅनल टाइप' हा रकाना भरूनच मागा. तो रिकामा असेल तर पाहण्याचा कोन बघा: १७०/१६० लिहिलं असेल तर बहुधा टीएन, १७८/१७८ असेल तर आयपीएस किंवा व्हीए. हा आकडा कॉन्ट्रास्ट १०:१ पर्यंत घसरेपर्यंतचा कोन सांगतो, रंग बदलतो की नाही ते सांगत नाही. म्हणून १७० वाचून हुरळू नका. आणि नावांनी गोंधळू नका: पीएलएस हा आयपीएसचाच प्रकार, आणि एएचव्हीए असं लिहिलेलं असलं तरी ते व्हीए नव्हे, तेही आयपीएसच्याच जातीचं.

सगळ्यात बरं म्हणजे पेनड्राइव्हवर फिक्या पिवळ्या-गुलाबी चौकटींचं एक पान आणि एखादा चेहऱ्याचा फोटो घेऊन दुकानात जा. पडदा लावायला सांगा. समोर बसून बघा, मग उभं राहून बघा, मग चक्क खाली उकिडवं बसून बघा. दुकानदार हसेल, हसू दे.

आमचे ते १० मॉनिटर अजून चालू आहेत, फेकून कसे देणार? त्यांच्याखाली लाकडी ठोकळे ठेवून उंची वाढवली, पडदे थोडे वर कलवले आणि दर दहा मिनिटांनी खुर्ची बदलायचा नियम केला. फिके रंगही सोडले, आता चौकटी गडद केशरी भरतो. त्या मुलीला दुसऱ्याच दिवशी सगळ्या वर्गासमोर सांगितलं की तुझं बरोबर होतं. मग सगळ्यांना एकेक करून तिच्या जागी उभं केलं, आणि त्या तासाला हाच पाठ झाला.