सत्तावीसपैकी आठ

प्रश्नावल्या वाचायचा मला जुना नाद आहे. सरकारी पाहणीतली उत्तरं सगळेच वाचतात. मला प्रश्नांमध्ये रस. विचारणाऱ्याने कुठे आडवळण घेतलं, कुठे तो बिचकला, हे तिथेच कळतं. या नादात हाती लागलेली सगळ्यात बेरकी प्रश्नावली अवघ्या नऊ प्रश्नांची आहे. 2001 साली कॅनडात जॅकी फेरिस आणि हॅरल्ड विन यांनी ती तयार केली, आणि देशात जुगारापायी गोत्यात आलेले किती, हे ब्रिटन आज तिच्यावरून ठरवतं.

गेल्या बारा महिन्यांत, हरलं तर झेपणार नाही एवढे पैसे लावलेत का? घालवलेले वसूल करायला पुन्हा गेलात का? उसने घेतलेत, काही विकलंत? घरच्यांनी बोल लावला? मनाला लागून राहिलं? ‘कधीच नाही’ला शून्य, ‘जवळजवळ नेहमीच’ला तीन. जास्तीत जास्त बेरीज 27. आठ किंवा त्यावर गेलात की ‘प्रॉब्लेम गॅम्बलर’. सातवर थांबलात तर ‘मध्यम जोखीम’. जुगारात जीव अडकलेला माणूस या प्रश्नांना खरी उत्तरं देईल, हे मात्र गृहीतच.

ब्रिटनची पहिली राष्ट्रीय पाहणी 1999ची. वर्षभरात एकदा तरी पैसे लावलेले प्रौढ 72 टक्के. 2007मध्ये 68, 2010मध्ये 73. सर्वाधिक लोकांनी घेतलेलं ते लॉटरीचं तिकीट. गोत्यात आलेल्यांचं प्रमाण मानसोपचाराच्या दुसऱ्या एका कसोटीवर 0.6, पुन्हा 0.6, मग 0.9 टक्के. हा आकडा वर सरकताना दिसला आणि नेमकी तेव्हाच ती स्वतंत्र पाहणी बंद पडली. प्रश्न सर्वसाधारण आरोग्य पाहणीच्या शेपटाला बांधले गेले. 2021च्या इंग्लंडच्या आरोग्य पाहणीत आकडा उतरला 0.3 टक्क्यांवर. जुगार कंपन्यांच्या संघटनेने तो इतक्या वेळा उगाळला की त्याची जाहिरातच झाली.

मग जुलै 2024मध्ये ब्रिटनच्या जुगार आयोगाने नव्या पद्धतीच्या पाहणीचा पहिला वार्षिक अहवाल काढला. आकडा 2.5 टक्के. एका फटक्यात आठपट! सव्वापाच कोटींच्या आसपास प्रौढ धरले तर दीड लाखांचे तेरा लाख झाले. (असा गुणाकार करू नका, आणि जुन्या आकड्यांशी तुलनाही नको, असं आयोगाने तेव्हा बजावलं होतं. वर्तमानपत्रांनी दोन्ही केलं. मीही करतोच आहे.)

तीन वर्षांत देश एवढा बिघडला नव्हता. विचारायची तऱ्हा बदलली होती. आरोग्य पाहणीत माणूस घरी येई. जुगाराचे प्रश्न वेगळ्या पुस्तिकेत असत, पण ती भरताना बायको-मुलं आसपास असू शकत. ‘घरच्यांनी बोल लावला का’ या प्रश्नावर बायकोदेखत खूण कोण करणार? नव्या पद्धतीत पत्र येतं आणि माणूस ऑनलाइन किंवा कागदावर एकट्याने उत्तरं देतो. म्हणजे नवा आकडा खरा? थांबा. पत्राला उत्तर देणारे पाचात एकसुद्धा नाहीत. जुगाराविषयी पत्र आलं तर न खेळणारा ते केराच्या टोपलीत टाकणार, खेळणारा उघडून बघणार.

इथे पॅट्रिक स्टर्जिस येतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे हे प्राध्यापक. ऑनलाइन पाहण्यांत जुगाऱ्यांचं प्रमाण फुगतं, कारण ऑनलाइन वावरणारेच त्यांत जास्त येतात, असं त्यांनी योनी कुहा यांच्यासोबत आधीच मांडलं होतं. आयोगाने नव्या पद्धतीच्या परीक्षणासाठी त्यांनाच बोलावलं. अहवाल यायच्या काही महिने आधी त्यांनी कामाच्या दर्जाचं कौतुक केलं आणि आकडा बराच फुगलेला असण्याचा धोका नाकारता येत नाही, असंही लिहून दिलं. कंपन्यांनी त्यातला दुसरा भाग तेवढा उचलला. आपल्यावर टीका करू शकेल अशा माणसाकडून परीक्षण करून घेणं मला तरी आयोगाच्या बाजूचं वाटतं.

पण या भांडणात एक जुना निबंध झाकला गेला, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. जिम ऑरफर्ड हे बर्मिंगहॅमचे मानसशास्त्रज्ञ, 1999च्या पाहणीपासून त्या कामात असलेले. 2013मध्ये हेदर वॉर्डल आणि मार्क ग्रिफिथ्स यांच्यासह त्यांनी 2010च्याच माहितीला उलटा प्रश्न विचारला: माणसांत गोत्यात आलेले किती हे सोडा, बुडालेल्या पैशात त्यांचा वाटा किती? राष्ट्रीय लॉटरीत तो नगण्य निघाला. बेटिंगच्या दुकानांतली रूलेट यंत्रं आणि कुत्र्यांच्या शर्यती यांत मात्र सुमारे पाव! शंभरात एकही न भरणारी माणसं, आणि गल्ल्यातला चौथा हिस्सा त्यांचा. त्या यंत्रांवर वीस सेकंदांना 100 पौंड लावता येत. एप्रिल 2019मध्ये ही मर्यादा 2 पौंडांवर आली, तेव्हा कंपन्यांनी केलेली आदळआपट या हिशेबाने सहज समजते.

आपल्याकडे ऑगस्ट 2025मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला. तेव्हा सरकारी अंदाज सांगितला गेला: 45 कोटी लोकांना झळ, वीस हजार कोटींहून अधिक रुपये बुडाले. भागाकार केला तर माणशी साडेचारशेच्या आसपास. एवढ्यात कोणी देशोधडीला लागत नाही. जे लागले त्यांचे लाखो रुपये या सरासरीत विरघळलेत, आणि त्यांना वेगळं काढायचं तर नऊ प्रश्न घेऊन दारोदार जावं लागतं. देशभर तशी पाहणी न करताच कायदा झाला.