जॉन ग्रिशॅमची ‘सिकॅमोर रो’ : एक मृत्युपत्र आणि अख्खं गाव

कोर्टकचेरीच्या कादंबऱ्या आवडत असतील तर ही २०१३ची कादंबरी सोडू नका. काळ १९८८, गाव मिसिसिपीतलं क्लँटन (काल्पनिक, पण अगदी खरं वाटणारं). कॅन्सरने खंगलेला लाकूड व्यापारी सेथ हबर्ड गळफास घेतो. आदल्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने नवं मृत्युपत्र लिहिलेलं असतं. मुलांना एक छदामही नाही, संपत्तीचा ९० टक्के वाटा घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय लेटी लँगला! का? या प्रश्नाच्या मुळाशी हबर्ड कुटुंबाने दडवलेला भूतकाळ आहे. तो इथे फोडत नाही.

मला सर्वांत भिडला तो कायद्याचा पेच. लिहिताना सेथची बुद्धी शाबूत होती का? लेटीने त्याच्यावर दबाव टाकला का? वकील जेक ब्रिगन्सला या प्रश्नांना ज्युरीसमोर तोंड द्यावं लागतं.

मिसिसिपीत संपूर्ण स्वहस्ते लिहून सही केलेलं मृत्युपत्र साक्षीदारांविनाही चालतं. आपल्याकडे मात्र भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५च्या कलम ६३नुसार सहसा किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. घरात कुणाचं मृत्युपत्र असेल, तर त्या सह्या आहेत ना, एवढं जरूर तपासा.