रिपोर्ट नॉर्मल, मग जीव का घाबरतो?

मोठ्या शहरांतील रुग्णालयांच्या कॅज्युअल्टी विभागात एक प्रसंग वारंवार घडतो. तिशी-पस्तिशीतील एखाद्या व्यक्तीला घरचे लोक धावतपळत घेऊन येतात. छातीत प्रचंड धडधड, दरदरून फुटलेला घाम, श्वास पुरत नसल्याची तक्रार, हातापायांना मुंग्या आणि आता आपले काही खरे नाही, ही खात्री. ईसीजी काढला जातो, रक्तदाब पाहिला जातो, रक्ताच्या चाचण्या होतात. तासाभरात सारे शांत होते. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका,' असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. घरच्यांना हायसे वाटते. रुग्ण मात्र अधिकच गोंधळतो. काही झालेच नाही, तर मग जे झाले ते काय होते?

पुष्कळदा या प्रश्नाचे उत्तर 'पॅनिक अटॅक', म्हणजे भयाचा तीव्र झटका, हे असते. हृदय धडधाकट आहे हे खरेच. पण 'काही झालेले नाही' हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे न मिळाल्याने माणूस एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जातो, ईसीजीनंतर टूडी इको, मग स्ट्रेस टेस्ट करून घेतो. पुढे गर्दीची लोकल टाळतो, लिफ्ट टाळतो, बाहेरगावी जावे लागेल म्हणून बढती नाकारतो. प्रत्यक्ष झटका काही मिनिटांचाच असतो. नुकसान होते ते त्यानंतरच्या या आक्रसत जाणाऱ्या आयुष्यामुळे.

शरीराचा खोटा गजर

संकट समोर दिसताच लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी शरीर क्षणार्धात सज्ज होते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या यंत्रणेचे वर्णन केले. मेंदूतील धोक्याची सूचना देणारे केंद्र जागे होते, अॅड्रिनलिन रक्तात उतरते, हृदय वेगाने रक्त पुरवू लागते, श्वास जलद होतो, घाम सुटतो, पचनाचे काम मागे पडते. अंगावर धावून येणाऱ्या वाहनापासून उडी मारून वाचवणारी हीच यंत्रणा होय. मराठी भाषेने हे केव्हाच टिपून ठेवले आहे. काळजात धस्स होणे, पोटात गोळा येणे, घशाला कोरड पडणे, हातपाय गळणे या साऱ्या शब्दप्रयोगांत भीती मनात नव्हे, शरीरात उमटलेली दिसते.

पॅनिक अटॅकमध्ये हीच यंत्रणा समोर संकट नसताना कार्यान्वित होते. घराला आग लागलेली नसताना आगीची घंटा वाजावी, तसे. घंटा खरी असते, आग मात्र नसते. गृहकर्जाचे हप्ते, कार्यालयातील टार्गेट, रात्रपाळी, दोन-दोन तासांचा प्रवास, मुलांची दहावी-बारावी, आजारी आईवडील या रोजच्या ताणांनी गजर अधिक संवेदनशील होत जातो. अपुरी झोप, चहा-कॉफीचा अतिरेक आणि सिगारेट त्यात भर घालतात. विशेष म्हणजे, झटका ऐन ताणाच्या क्षणीच येतो असे नाही. रविवारी दुपारी टीव्हीसमोर बसलेले असताना किंवा गाढ झोपेतूनही तो जागे करू शकतो. 'तेव्हा तर मला कसलेच टेन्शन नव्हते,' असे रुग्ण सांगतो, ते म्हणूनच खोटे नसते.

मुंग्या आणि भोवळ यांचेही कारण साधे आहे. घाबरलेला माणूस भराभर आणि खोल श्वास घेतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते, मेंदूकडील रक्तवाहिन्या काहीशा आकुंचन पावतात, डोके हलके होते, बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात. श्वास कमी पडतो आहे असे वाटत असते, प्रत्यक्षात तो गरजेपेक्षा जास्त घेतला जात असतो.

भीतीचीच भीती

या त्रासाची नोंद जुनी आहे. अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांमध्ये हृदयात दोष न सापडताही छातीत धडधड व वेदना होत असल्याचे जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये लिहिले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल यांनी मोकळे चौक ओलांडताना भयाने गलितगात्र होणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. तरीही 'पॅनिक डिसऑर्डर' या स्वतंत्र नावाने या विकाराला अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्थान मिळाले ते १९८० मध्ये.

१९८६ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी झटक्यामागील दुष्टचक्र उलगडून दाखवले. जिना चढल्याने, उकाड्याने वा कॉफीने हृदयाची गती थोडी वाढते. 'हा हार्ट अटॅक तर नव्हे?' असा अर्थ लावला जातो. त्या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि वाढलेली धडधड पहिल्या विचाराचा पुरावा ठरते. काही मिनिटांत भीती शिगेला पोचते. एकदा हा अनुभव घेतलेला माणूस मग सतत आपल्या नाडीवर पहारा ठेवू लागतो. त्याला आता लोकलची किंवा लिफ्टची नव्हे, तर पुन्हा तशी भीती वाटेल याची भीती असते.

आयुष्यात एखादा झटका येऊन जाणे हा आजार नव्हे. झटके अचानक व पुन:पुन्हा येऊ लागले, पुढच्या झटक्याची धास्ती महिनाभर सुटली नाही किंवा त्यापायी वागण्यात बदल झाला, तर मात्र त्याला विकार मानून उपचार घ्यावेत.

आधी तपासणी, मग निदान

पहिल्यांदाच असा त्रास झाला, तर तो मनाचा आहे असे घरच्या घरी ठरवणे धोक्याचे आहे. छातीतील कळ डाव्या हाताकडे, जबड्याकडे वा पाठीकडे जात असेल, चालताना-चढताना ती वाढत असेल, शुद्ध हरपली असेल, किंवा मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान अथवा घराण्यात हृदयविकार असेल, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे. थायरॉइडचा विकार, रक्तातील साखर घटणे, पंडुरोग, दमा, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांतही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून एकदा नीट तपासणी आवश्यक. परंतु ती निर्दोष आल्यावर, नवे लक्षण नसताना दर पंधरवड्याला तीच करत राहणे हा उपचार नव्हे. त्यातून मिळणारा दिलासा दोन दिवस टिकतो आणि शंका पुन्हा डोके वर काढते.

झटका आला तर

निदान झालेले असेल तर पहिली गोष्ट म्हणजे झटक्याला नाव द्यावे : 'हा पॅनिक अटॅक आहे, त्रासदायक आहे, पण तो ओसरणार आहे.' झटका साधारणपणे दहा मिनिटांत कळस गाठतो आणि उतरू लागतो. दुसरी गोष्ट श्वासाची. मोठमोठे श्वास ओढू नयेत. नाकाने सावकाश चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सोडावा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही. दमा किंवा हृदयविकार असल्यास तो घातक ठरू शकतो. तिसरी गोष्ट, शक्य असेल तर जागा सोडून पळू नये. खांदे सैल सोडावेत, आजूबाजूच्या पाट्या वाचाव्यात, पायाखालची जमीन जाणवू द्यावी. 'मी कोसळेन' ही भीती सर्वाधिक छळते. पण भोवळ येऊन पडण्यासाठी सहसा रक्तदाब उतरावा लागतो आणि झटक्यात तो बहुधा वाढलेला असतो.

टाळलेल्या वाटेवर पुन्हा

झटका थोपवण्यापेक्षाही महत्त्वाचे काम त्यानंतरचे आहे. टाळल्याने तात्पुरते बरे वाटते, पण 'तिथे धोका होता आणि मी वाचलो' असा चुकीचा धडा मेंदू शिकतो. तो पुसण्याचा मार्ग म्हणजे टाळलेल्या ठिकाणी पायरीपायरीने परतणे. लोकलची धास्ती घेतलेल्या ठाणेकराने आधी दुपारच्या निवांत वेळी फलाटावर नुसते उभे राहावे. मग धीम्या गाडीने मुलुंडपर्यंत एकच स्थानक जावे, काही दिवसांनी घाटकोपर गाठावे आणि अखेरीस गर्दीच्या वेळी जलद गाडीने दादर. प्रत्येक पायरीवर भीती वाटेल. ती वाढली म्हणून लगेच न उतरता, ती आपोआप उतरू लागेपर्यंत थांबणे यातच उपचार आहे.

विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या या पद्धतीला 'कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी' म्हणतात. या विकारात तिचा उपयोग सिद्ध झालेला असून, साधारण दहा-पंधरा सत्रांत अनेकांना लक्षणीय फरक पडतो. याच घराण्यातील अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांना परिचित आहे.

औषधांबाबत दोन टोकांचे गैरसमज आढळतात. सेरोटोनिनवर काम करणारी एसएसआरआय गटातील औषधे सवय लावत नाहीत, मात्र त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला अस्वस्थता किंचित वाढू शकते. तेव्हाच गोळ्या सोडून दिल्याने अनेकांचे उपचार फसतात. ती बंद करायची तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. याउलट अल्प्राझोलामसारख्या झटपट शांत करणाऱ्या गोळीची सवय लागते. शेजाऱ्याच्या डब्यातून ती मागून घेणे किंवा नियमित घेत असल्यास एकाएकी बंद करणे, दोन्ही धोक्याचे.

घरच्यांचे काम

'उगाच विचार करतोस', 'आमच्या वेळी असली थेरे नव्हती' ही वाक्ये रुग्णाला लाज आणतात आणि लाजेपायी तो त्रास लपवू लागतो. त्याच्याऐवजी प्रत्येक काम स्वत: करणे, त्याला एकटे कुठेच न सोडणे हेही उपयोगाचे नाही, त्याने भीतीवर शिक्कामोर्तब होते. झटक्यात शांत आवाजात सोबत करावी आणि एरवी पुढची पायरी चढण्यास धीर द्यावा.

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. आता काही दारे उघडली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'टेलीमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. सरकारी रुग्णालयांच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांत अल्प खर्चात उपचार होतात. जीव नको असे वाटू लागले, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी.

पॅनिक अटॅक हा उपचारांना उत्तम दाद देणाऱ्या विकारांपैकी एक आहे. त्यामुळे ईसीजी नॉर्मल आल्यावर डॉक्टरांना आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : 'हृदय चांगले आहे हे समजले, आता या भीतीसाठी कोणाकडे जाऊ?'