संगणकास बाहेरील पडदा दिसत नाहीं तेव्हां

मांडीवरील लहान संगणकास बाहेरचा मॉनिटर जोडण्याची सोय आतां अनेक घरांत झाली आहे. ज्यांची दृष्टि मंदावली आहे त्यांस मोठीं अक्षरें मिळतात. विद्यार्थ्यांस एकीकडे पाठ व दुसरीकडे आपलें लेखन ठेवतां येतें. परंतु केबल जोडूनहि पडदा काळाच राहिला, म्हणजे तो बिघडला असें समजून मनुष्य नव्या मॉनिटरच्या किंमती विचारूं लागतो. हा खर्च पुष्कळदां अनाठायीं असतो. कारण दोष पडद्यांत नसून वाटेंत असतो.

ही वाट कशी आहे तें पाहूं. 'यूएसबी-सी' हें उलटसुलट कसेंहि बसणारें लहान पोर्ट २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. आकार एकच, पण कामें निरनिराळीं. कांहीं पोर्टांतून केवळ वीज व माहिती जाते; चित्र सरळ जाण्यासाठीं संगणकांत 'डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड' ही योजना असावी लागते. केबलचेंहि तसेंच. मोबाइल चार्ज करण्याच्या पुष्कळ केबलींत चित्र वाहणाऱ्या तारा नसतातच. प्लग बसला म्हणून वाट मिळाली, असें नव्हे.

यास्तव प्रथम मॉनिटरबरोबर आलेलीच केबल घ्यावी, ती हबमधून न नेतां सरळ संगणकास जोडावी, आणि दुसरें पोर्ट असल्यास तेंहि पाहावें. 'यूएसबी २.०' पोर्टाची प्रमाणित वीज ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, तर '३.०' ची ९०० आहे. वीज अपुरी पडल्यास पडदा उजळून पुन्हां मावळतो. तेथें मॉनिटरला स्वतंत्र अॅडाप्टर द्यावा.

जुन्या चपट्या यूएसबी पोर्टावर चालणाऱ्या मॉनिटरांत 'डिस्प्लेलिंक' सारखी चिप असते. संगणक चित्र आटोपशीर करून माहितीच्या रूपानें पाठवितो व चिप तें उलगडते. याकरितां संगणकांत तिचा ड्रायव्हर हवा. तो नसेल तर निर्दोष पडदाहि अंधाराच राहतो.

शेवटीं, विंडोज असल्यास 'विंडोज' व 'पी' ह्या कळा एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडावें. तरीहि न दिसल्यास सेटिंग्जमधील 'डिस्प्ले' पानावर 'डिटेक्ट' दाबावें.

मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोष कोठें होता तें कळतें. तोच मॉनिटर त्याच केबलीनें शेजाऱ्याच्या संगणकावर लागला, तर ते दोन्ही निर्दोष ठरले. शोध आपल्या संगणकांतच करावा. इतकें करूनहि काळोख राहिला, तर खुशाल कारागिराकडे जावें. निदान त्यास काय सांगावयाचें, हें तरी आपणांस ठाऊक असेल.