अवहित्था

मनात उत्पन्न झालेल्या भावाची बाह्य चिन्हे लपविण्याची वृत्ती. संस्कृत साहित्यशास्त्रात सांगितलेल्या ३३ व्यभिचारी भावांपैकी हा एक होय. ‘अवहित्थ’ असे नपुंसकलिंगी रूपही आढळते. ‘जे बाहेर राहत नाही ते’ अशी या शब्दाची पारंपरिक व्युत्पत्ती सांगतात. अमरकोशात ‘आकारगुप्ती’ असा त्याचा अर्थ दिला आहे. आकार म्हणजे येथे मुखावर व शरीरावर उमटणारी मनोविकाराची खूण.

भरताच्या नाट्यशास्त्रात लज्जा, भय, अपजय, गौरव (आदर) व कुटिलता ही अवहित्थेची कारणे (विभाव) सांगितली आहेत. भलतेच बोलणे, बोलणे मध्येच तोडणे, उसने धैर्य दाखविणे इ. तिचे अनुभाव होत. विश्वनाथाने साहित्यदर्पणात (चौदावे शतक) दुसऱ्याच कामात गुंतल्याचे दाखविणे हाही अनुभाव निर्दिष्ट केला आहे. कुटिलता हे अनेक कारणांपैकी केवळ एक असल्यामुळे ‘ढोंग’ किंवा ‘कपट’ हे अवहित्थेचे प्रतिशब्द ठरत नाहीत.

कालिदासाच्या कुमारसंभवातील सहाव्या सर्गात तिचे प्रसिद्ध उदाहरण आहे. शिवासाठी पार्वतीला मागणी घातली जात असताना पित्याजवळ बसलेली पार्वती खाली मान घालून हातातील कमळाच्या पाकळ्या मोजू लागते. वडीलधाऱ्यांपासून हर्ष लपविण्यासाठी केलेल्या या कृतीतूनच तो वाचकाला कळतो. आनंदवर्धनाने ध्वनीच्या विवेचनात याच श्लोकाचा आधार घेतला आहे.

व्याजोक्ती हा अलंकार अवहित्थेला जवळचा आहे. तथापि त्यात उघड झालेली गोष्ट निमित्त सांगून झाकलेली असते. मम्मटाच्या काव्यप्रकाशातील उदाहरणात पार्वतीच्या करस्पर्शाने उठलेल्या रोमांचाचे कारण शिव हिमालयाची थंडी असे सांगतो. अवहित्था ही मात्र उक्ती नसून चित्तवृत्ती आहे.

अभिनयाच्या दृष्टीने हा भाव अवघड आहे. मूळ भाव सहपात्रापासून लपला पाहिजे; परंतु तो भाव आणि त्याचे लपविणे ही दोन्ही प्रेक्षकाला दिसली पाहिजेत. कंप, स्वेद, वैवर्ण्य यांसारखे सात्त्विक भाव सहजी आवरता येत नसल्याने नट त्यांच्या पुसट सूचनेने हे साधू शकतो. नाट्यशास्त्रात एका संयुत हस्ताला व स्त्रियांच्या एका स्थानालाही अवहित्थ हे नाव आहे.

मराठी बोलीत हा शब्द रूढ नाही. ‘उसने अवसान आणणे’ यात भयाचे, तर ‘पोटात एक ओठात एक’ यात कुटिलतेचे गोपन व्यक्त होते. लज्जा व आदर यांतून होणारे गोपनही सामावून घेणारी संज्ञा म्हणून साहित्यचर्चेत अवहित्थेचे महत्त्व आहे.