बटण नक्की कोणी दाबलं? माणसाने की प्रोग्रामने?

दुकानातला बारकोड स्कॅनर 'टिक' करतो आणि बिलात नंबर उमटतो. कसा? बहुतेक यूएसबी स्कॅनर कॉम्प्युटरला 'मी कीबोर्ड आहे' असंच सांगतात. बटणं दाबल्याचं हे सोंग नुसत्या कोडनेही करता येतं.

मी पालघरला राहतो आणि बोईसर-तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअरची कामं करतो. ट्रक वजनकाट्यावर चढला की डिस्प्लेवर आकडा येतो आणि ऑपरेटर तो बघून बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतो. घाईत १८४६० चे १८६४० झाले, तर बिलात १८० किलोचा फरक! जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून डेटा घ्यायची सोय नसेल, तर एक छोटा प्रोग्राम काट्याच्या केबलमधून आकडा वाचतो आणि तोच 'टाइप' करतो.

विंडोजमध्ये यासाठी 'सेंडइनपुट' हे फंक्शन आहे. प्रत्येक बटणाच्या दोन घटना पाठवायच्या: दाबलं आणि सोडलं. म्हणजे १८४६० साठी १० घटना. त्या एकाच कॉलमध्ये पाठवल्या, तर मध्येच कोणी खरं बटण दाबलं तरी ते आकड्यात घुसत नाही.

मराठीही टाइप होतं. युनिकोडचा पर्याय वापरला की कीबोर्ड कोणत्या भाषेवर आहे याने फरक पडत नाही. फक्त 'बोईसर' डोळ्यांना ४ अक्षरं दिसतं, पण 'बो' मधला ओकार वेगळा मोजून कोड ५ होतात.

आता खरी गोम. ही बटणं तुमच्या मनातल्या खिडकीत जात नाहीत, त्या क्षणी जी खिडकी पुढे आहे तिच्यात जातात. ऑपरेटरने व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल, तर ट्रकचं वजन थेट चॅटमध्ये! त्याचं बोट शिफ्टवर असेल, तर १ ऐवजी उद्गारचिन्ह उमटू शकतं. आणि समोरचं सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल, तर व्हिस्टापासून विंडोज साध्या प्रोग्रामची बटणं अडवतं. तेही गुपचूप, एरर न देता.

म्हणून आधी 'यूआय ऑटोमेशन' जमतंय का बघा. त्यात ठरावीक चौकट शोधून आकडा थेट तिच्यातच भरता येतो. ते जमलं नाही तरच सेंडइनपुट. तेव्हाही पुढे कोणती खिडकी आहे ते आधी तपासा आणि शेवटचं एंटर ऑपरेटरलाच दाबू द्या. बिलावर पैसे ठरतात, तिथे माणसाची एक नजर हवीच.

आणि हो, सापडलेला पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावू नका. तोही कीबोर्ड असल्याचं सोंग करून कमांड टाइप करू शकतो. २०१४ च्या ब्लॅक हॅट परिषदेत 'बॅडयूएसबी' नावाने हे करून दाखवलं होतं. ओटीजीने कीबोर्ड तुमच्या फोनलाही जोडता येतो, त्यामुळे तिथेही तीच काळजी घ्या.