पुसलेल्या गावाचा पत्ता

रात्रीचे साडेबारा. सगळी आळी झोपलेली आणि आमच्या चिरंजीवांच्या खोलीतून विमानाची घरघर चाललेली. बचत गटाच्या बैठकीत बायका मुलांच्या मोबाइलबद्दल रडगाणं गातात, तेव्हा मी शहाणपणाचे चार शब्द सांगते. घरात मात्र माझं शहाणपण कुणी विचारत नाही. त्या रात्री ठरवूनच उठले, आज सरळ मेन स्विचच बंद करायचा.

दार ढकललं तर पडद्यावर निळंशार पाणी, काठावर उंचच उंच इमारती आणि पाण्यात शिरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर एक इवलंसं विमान उतरत होतं.

"आई, एक मिनिट थांब ना, लँडिंग आहे!"

"अरे पण ही काय गेम खेळायची वेळ आहे?"

"गेम नाही गं, सिम्युलेटर आहे. आणि हा विमानतळ नीट बघून घे. हा आता जगात नाहीच."

'जगात नाहीच' म्हटल्यावर मी आपली पलंगाच्या कडेला टेकले. भांडायला गेलेली मी पुढचा अर्धा तास गोष्ट ऐकत बसले.

त्या विमानतळाचं नाव मेग्ज फील्ड. अमेरिकेतल्या शिकागो शहराला लागून मिशिगन नावाचं समुद्रासारखं सरोवर आहे. त्यात भराव घालून केलेल्या जमिनीवर १९४८ साली हा छोटा विमानतळ सुरू झाला. धावपट्टी जेमतेम ३,९०० फुटांची. पुढे १९८२ साली मायक्रोसॉफ्टने कम्प्युटरवर विमान उडवण्याचा 'फ्लाइट सिम्युलेटर' आणला. तो सुरू केला की आपलं विमान उभं असायचं ते मेग्जच्या धावपट्टीवर. पुढच्या कितीतरी आवृत्त्यांत तसंच. ज्यांनी शिकागो कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, अशा असंख्य लोकांनी आपलं पहिलं उड्डाण, खोटं का होईना, इथूनच केलं. आपल्याला पहिलीचा वर्ग आठवतो ना, तसं त्यांना मेग्ज आठवतं.

३० मार्च २००३. रविवारची रात्र. महापौर रिचर्ड डेली यांच्या हुकमावरून बुलडोझर आले आणि त्यांनी धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदून ठेवल्या. सकाळी लोक उठले तर विमानतळ संपलेला! सोळा विमानं तिथंच अडकली होती. ती नंतर बाजूच्या टॅक्सी-वेवरून उडवून न्यावी लागली. शहराला ३३,००० डॉलरचा दंडही झाला, पण गेलेली धावपट्टी काही परत आली नाही. आज तिथे उद्यान आहे.

सिम्युलेटरच्या २००६ सालच्या आवृत्तीतूनही मेग्ज गायब झाला. मग जगभरच्या हौशी लोकांनी तो स्वतःच बनवायला घेतला. मूळ सिम्युलेटरला अशी वरून जी जोड देतात तिला 'अॅड-ऑन सीनरी' म्हणतात. कुणी ती विकतं, कुणी फुकट वाटतं. २०२२ साली सिम्युलेटरला चाळीस वर्षं झाली, तेव्हा कंपनीनेच मेग्ज परत आणला. त्या रात्री माझा लेक उतरत होता तो याच मेग्जवर.

"पण अशी जोड बनवतात तरी कशी?" मी विचारलं. आता माझीच झोप उडाली होती.

तो सांगत गेला आणि मला आपली दिवाळीची रांगोळीच दिसायला लागली. आधी अंगण सारवून घ्यायचं, म्हणजे आकाशातून काढलेला जमिनीचा फोटो खाली अंथरायचा. चढ-उतार नीट करायचे. मग ठिपके जोडावेत तशी धावपट्टी आणि रस्ते आखायचे. त्यानंतर एकेक इमारत वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उभी करायची. ती सुरुवातीला नुसता पांढरा खोका असते. त्यावर खऱ्या भिंतीचे, खिडक्यांचे फोटो चढवायचे, उशीला अभ्रा घालतो तसे! शेवटी झाडं, दिवे, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. २०२० च्या आवृत्तीत जगभरचे ३७,००० विमानतळ आहेत म्हणे, पण कंपनीने हाताने नीट सजवलेले त्यातले अगदी मोजके, मूळ संचात तर फक्त तीस. बाकीचे कम्प्युटरनेच साच्यातून काढल्यासारखे. म्हणून आपल्या ओळखीच्या विमानतळाची कमान चुकली, झाड चुकलं की लोकांना चैन पडत नाही आणि ते रात्र-रात्र जागून ते दुरुस्त करतात.

मग त्याने हाँगकाँगचा जुना काय ताक विमानतळ दाखवला. ६ जुलै १९९८ ला तो बंद झाला. तिथे उतरताना एका टेकडीवर रंगवलेले लाल-पांढरे चौकोन दिसले की वैमानिकाने हाताने विमान उजवीकडे वळवायचं आणि दाट वस्तीवरून खाली आणायचं. घरांच्या गच्च्या इतक्या जवळ! मी म्हटलं, "अरे, त्या बायका कपडे कुठे वाळत घालत असतील?" तो हसला. "गच्चीवरच गं!"

"झोपायचं सोडून काय चाललंय तुमचं?" सासूबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. पडद्याकडे बघत त्यांनी नातवाला विचारलं, "नाहीसं झालेलं परत काढता येतं होय? मग आमचं गाव येईल का रे काढता?"

सासूबाईंचं माहेर धरणात गेलं, त्याला आता पन्नासएक वर्षं झाली. उन्हाळ्यात पाणी फारच आटलं तर देवळाचा कळस तेवढा दिसतो. माहेर म्हणून जायला त्यांना गावच उरलं नाही.

लेकाने मनावर घेतलं. नकाशावर आकृती आखून त्याने आधी पाणी बाजूला सारलं आणि खालची जमीन वर घेतली. पण त्या जमिनीवर मांडायचं काय? गावाचा एकही फोटो नव्हता. होता तो सासूबाईंच्या लग्नातला, त्यात मागे अर्धी भिंत. मग एका रविवारी त्यांच्या दोन चुलतबहिणी आणि एक चुलतभाऊ यांना जेवायला बोलावलं. मोठा कागद अंथरला आणि म्हटलं, आठवेल तसं सांगा.

मामंजींनी चावडी, मारुतीचं देऊळ, शिवेवरचा दगड, कुणाचं शेत कुठवर, हे धडाधड सांगितलं. पण घरामागे काय होतं, ते त्यांना सांगता येईना. ते बायकांनी सांगितलं. कुणाच्या परसातून नदीवर जायची वाट होती, कोणत्या दगडावर धुणं आपटायचे, कोणत्या विहिरीला पायऱ्या होत्या आणि ती कुणासाठी होती, कुणासाठी नव्हती. एकदा तर रहाटाच्या जागेवरून दोघी बहिणींचं चांगलंच जुंपलं. वरणाची वाटी गार झाली तरी कुणी ऐकेना!

पुनर्वसनाच्या कामात मी अशा गावांच्या याद्या हाताळल्या आहेत. घरं, गोठे, झाडं मोजलेली असतात आणि पुढे मालकाचं नाव, बहुतेक पुरुषाचंच. बायकांच्या वाटा कुठल्याच यादीत नव्हत्या. इतकी वर्षं ते कागद चाळताना मला हे जाणवलं नव्हतं, ते त्या दुपारी जाणवलं. मनातून ओशाळले.

दोन महिन्यांनी गाव तयार झालं. सासूबाई चष्मा पुसून खुर्चीत बसल्या. विमान वळसा घेऊन नदीवर आलं. देऊळ, चावडी, पांढऱ्या मातीची घरं. त्या काही बोलेनात.

"जरा खाली घे." त्याने घेतलं.

"अजून खाली. ते बघ, तिसरं घर आमचं. आत जाता येतं का रे?"

"नाही आजी. घरं आतून पोकळ असतात. नुसत्या भिंती."

सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग वरच घे. वरूनच बरं दिसतंय."

मला वाटलं, म्हातारीच्या जखमेवरची खपली उगाच काढली आपण. रात्रभर मला ते लागून राहिलं. सकाळी चहाच्या वेळी सासूबाई नातवाला म्हणाल्या, "परसातला शेवगा राहिला बघ. आणि रहाट माझी बहीण म्हणते तिथे नव्हताच!"

मैत्रिणींनो, आपल्या घरात अशी कुणी म्हातारी असेल तर तिच्यापुढे एकदा कागद-पेन्सिल ठेवा. कम्प्युटर नसला तरी अडत नाही. गाव पाण्यात गेलेलं असो, नाहीतर रस्त्याखाली, पाणवठ्याची वाट तिलाच माहीत आहे. ती गेली की विचारणार कुणाला?

आमच्याकडे शेवगा लागला आहे. रहाटाचा वाद अजून मिटलेला नाही. मेन स्विच मात्र मी आता रात्री अकराला बंद करते, शेवगा असो नाहीतर शिकागो!